आमच्यात दाण्यांची ॲलर्जी नसते

लेक दोन वर्षांची असताना पहिल्यांदाच तिला दाण्याच्या चिक्कीचा तुकडा दिला. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, शेंगदाण्याची ॲलर्जी. सासूबाई सोलापूरकडच्या. त्यांच्या भाजीत दाण्याचं कूट मिठाच्या आधी पडतं. त्यांनी तिथेच निकाल दिला, "आमच्यात असलं काही नसतं." म्हणजे आलं ते माझ्या माहेरून, कोकणातून.

मग कारण शोधायला सानपाड्याची आमची अख्खी सोसायटी कामाला लागली. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते मी गरोदरपणी दाणे खाल्ले नाहीत म्हणून हे झालं. त्यांच्या जावेच्या मते, खाल्ले म्हणून. कुणी म्हणालं, पोरीला मातीत खेळू दिलं नाहीस. माती आणायची कुठून? सोसायटीने बागेतसुद्धा फरशी घातलेली.

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. "नक्की कुणीच सांगू शकत नाही," ते म्हणाले. "मुलांमध्ये हल्ली जास्त दिसतंय खरं. घरात दमा, इसब असेल तर शक्यता वाढते. पूर्वी आम्ही दाणे उशिरा द्या म्हणायचो, आता लवकर द्या म्हणतो." हे त्यांनी जराही न लाजता सांगितलं. त्यांच्याच शब्दावर मी लेकीची पहिली दोन वर्षं घरातले दाणे वरच्या फळीवर ठेवले होते.

लेक चार वर्षांची झाली तेव्हा काकूंकडे हळदीकुंकू होतं. मी दुसऱ्या खोलीत वाण घेत होते. "थोडंथोडं दिलं की सवय होते," म्हणत काकूंनी दाण्याच्या लाडवाचा घास लेकीला भरवला. ती खोकायला लागली, आवाज घोगरा झाला. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं मी पर्समधलं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं आणि तिला उचलून रिक्षाकडे धावले. मागून काकू ओरडत होत्या, "अगं, एवढासाच दिला होता!"

हॉस्पिटलात लेक सावरली. सासूबाई तिचे पाय चेपत बसल्या होत्या.

"माझी धाकटी बहीण अशीच गेली," त्या अचानक म्हणाल्या. "शेंगा काढायचे दिवस होते. तोंड सुजलं, श्वास कोंडला. सगळे म्हणाले, बाहेरचं लागलं."

माहेरावरच्या ठपक्याला दोन वर्षं घासूनपुसून ठेवलेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते मी गिळलं.

"आमच्यात याला नावच नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

आठवड्याने काकू काजूकतलीचा डबा घेऊन माफी मागायला आल्या. "यात दाणे नाहीत हं," म्हणाल्या. सासूबाईंनी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. शेंगदाण्याचा अंश असू शकतो, असं लिहिलं होतं. त्यांनी डबा परत काकूंच्या हातात ठेवला.

"स्वतः वाचा," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा देऊ का?"