दहावी आवृत्ती आणि दादाची खुर्ची

ऑफिसात तिला 'मिरची' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आतून आवडायचंही. बाकीचे सगळे प्रोग्रॅम ज्या सिस्टिमच्या जिवावर चालतात, ती सिस्टिम तिच्या टीमच्या हातची. प्रोग्रॅमनं "तू कितवी आवृत्ती?" विचारलं, की खरा आकडाच सांगायचा, हा तिचा हट्ट.

"जुन्या प्रोग्रॅमना जुनाच आकडा सांगू या, बिचारे गुमान चालतील," शेजारचा टकलू म्हणाला.

"खोटारडी सिस्टिम मी बाहेर सोडणार नाही. घाबरट कुठला!"

सगळ्यांदेखत म्हणाली. टकलूनं मान खाली घातली. दहावी आवृत्ती तिच्या म्हणण्याप्रमाणे बाहेर पडली.

आठवड्याभरात दादाचा फोन आला. दादा जन्मापासून आंधळा. हॉस्पिटलच्या टेलिफोन विभागात कामाला. पडद्यावर येईल तो मजकूर एक प्रोग्रॅम त्याला वाचून दाखवी.

"मशीन मुकं झालंय गं. साहेब म्हणतात, सोमवारपर्यंत बोललं नाही तर खुर्ची दुसऱ्याला."

ती तडक गेली. पडद्यावर एकच ओळ: 'सिस्टिम फार जुनी आहे.' तिनं कपाळाला हात लावला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आकड्यातला पहिलाच अंक तपासला होता. सिस्टिम नवाच्या पुढे जाईल हे त्याच्या गावीही नव्हतं. दहातला एक तेवढा वाचून, ही पहिलीच आवृत्ती समजून प्रोग्रॅम अडून बसला होता. लिहिणारा केव्हाच वारला. मूळ लिखाणही कुणाकडे उरलं नव्हतं. होता तो तयार प्रोग्रॅम, त्यात आता कुणाला हात घालता येणार नव्हता.

"मग त्याला सांग ना, मी नववी आहे म्हणून," दादा म्हणाला.

"ते खोटं होईल, दादा."

त्याची बोटं मुक्या मशीनवरून फिरत होती.

"तुझं खरं माझ्या पोटावर आलंय, छकुले."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांदेखतच टकलूपुढे उभी राहिली.

"तुझं बरोबर होतं. अर्धं."

"आणि अर्धं कुणाचं?"

"माझं. नव्यानं तयार होतील त्या प्रोग्रॅमना खरा आकडा. आधीच तयार होऊन बसलेत त्यांना, ते तयार झाले तेव्हाचा. मेलेल्या माणसाला चूक दुरुस्त करायला कुठून बोलावू?"

"म्हणजे खोटारडी सिस्टिम सोडणार तू?"

"सोडणार. खाली नाव माझं टाक."

टकलू हसला नाही. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

रविवारी बदललेली सिस्टिम बाहेर पडली. सोमवारी तिनंच फोन लावला. दादाच्या मागे मशीन भराभर बडबडत होतं.

"दादा, काल मी..."

"ठेव आता," तो म्हणाला, "दुसऱ्या लाइनवर माणूस खोळंबलाय."