पालीच्या रेंजची पाहणी

आता हे सांगताना माझा मलाच राग येतो, पण तुमचा चहा संपेतोवर सांगून टाकतो. आमचा पालीचा नेमबाजी क्लब मी बुडवला. बंदुकीनं नव्हे हो, तोंडानं!

क्लब म्हणजे काय, धरणाकडच्या माळावर एक पत्र्याचं शेड, पाच एअर रायफली आणि छर्रे अडवायला मातीचा भराव. पण काय दिवस होते! रविवारी सकाळी बीडहून आम्ही सात-आठ जण स्कूटरवर जायचो. भरावापलीकडे इस्माईलभाईंची सीताफळाची बाग. दुपारी रायफली ठेवून त्यांच्याच झाडाखाली गप्पा. आठवलं की अजून जीव हळहळतो.

आणि त्याच इस्माईलभाईंनी आमच्यावर केस केली. छर्रे बागेत येतात म्हणून!

"कावून हो भाई?" मी विचारलं.

"दोस्ती हाय सर, पर तोडणीच्या बाया भ्यायल्यात. कुणाच्या डोळ्यात बसला म्हंजे?"

बरोबरच होतं त्यांचं. पण मी पडलो क्लबचा सेक्रेटरी! 'एकही छर्रा भरावापलीकडे गेलेला नाही' असं शपथेवर लिहून खाली सही ठोकली. हरलो असतो तर रेंजला कुलूपच.

वकिलाच्या फीपायी छऱ्यांना पैसे उरेनात. सहा महिने आम्ही रिकाम्या रायफली रोखून तोंडानंच 'ठॉ!' म्हणत होतो. हसू नका!

त्याचा फायदा असा, की कोर्टानं नेमलेले कमिशनर पाहणीला आले तेव्हा बागेत छर्रा औषधालाही सापडेना. आमचे वकील कानाशी लागले, "जिंकलो सर. आता फकस्त गप बसा."

मी निवृत्त मास्तर. 'गप बसा' हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलोय.

तेवढ्यात इस्माईलभाई टोपली घेऊन आले. "केस आपल्या जागी. सीताफळ खाल्ल्याबिगर कुणी जायचं न्हाई."

तेच झाड, तीच सतरंजी. मला एकदम जुने रविवार आठवले आणि मी विरघळलो.

कमिशनर म्हणाले, "गोड आहे, पण बिया फार."

"बियांचं काय घेऊन बसलात साहेब!" मी रंगात आलो. "एकदा याच झाडाच्या फळात आमचा छर्रा निघाला. कचकन चावलो, दाढच गेली! ही बघा!"

आणि मी आ वासला.

वकिलांनी डोळे मिटले. कमिशनरांनी शांतपणे मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. इस्माईलभाईंनीच कपाळावर हात मारला, "सर, बोलायच्या आधी तुमच्या वकिलाला तर इचारायचं!"

निकाल लागायचाय, पण तोवर पक्की भिंत होईपर्यंत रेंज बंद, असा हुकूम झाला. भिंतीला पैसे कुठले? क्लबातली मंडळी माझ्याशी बोलत नाहीत. केस मात्र चालूच आहे.

परवा इस्माईलभाईंचा फोन आला. "सर, मंगळवारी तारीख हाय. येळेवर या बरं का. आमचे खरे साक्षीदार तुमीच. तुमी न्हाई आलात तर आमची केस पडंल!"