अस्सल डबा आणि भावाचा डबा

पालघरच्या स्टेशनाजवळचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी मला रोल धुवायचा डबा दिला. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि फिल्मचा कॅमेरा वापरायची हौस मला उशिरा लागली. ते म्हणाले, "तुम्ही वापराल तरी. माझ्याकडे नुसता पडून राहील."

डबा जर्मन बनावटीचा होता, काळ्या जाड प्लास्टिकचा. आत एक रीळ. काळ्या कापडी पिशवीत दोन्ही हात घालून, न बघता फिल्म त्या रिळावर चढवायची, रीळ डब्यात ठेवायचं आणि झाकण लावायचं. एकदा झाकण बसलं की डबा उजेडात आणला तरी चालतो. मग वरच्या तोंडातून औषधं ओतायची, हलवायची, काढायची. आमच्या न्हाणीघरात बादलीवर फळी टाकून मी हा उद्योग करत असे. नवऱ्याला औषधांचा व्हिनेगरसारखा वास आवडत नसे.

दोनेक वर्षांनी झाकणाला तडा गेला. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि काम चालू ठेवलं. अस्सल नवा डबा परदेशातून मागवावा लागला असता. माझ्या धाकट्या भावाने तो तडा पाहिला आणि डबा उचलून उलटसुलट केला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा प्लास्टिकचे सुटे भाग ओतायचा छोटा कारखाना आहे.

"ताई, यात काय हाय एवढं? प्लास्टिकच ना? मी करून देतो."

"रिळाच्या खाचा फार बारीक आहेत."

"माझ्याकडे याहून बारीक कामं येतात."

त्याने डबा नेला, मोजमापं घेतली, साचा केला. त्यात त्याचे बरेच रविवार गेले. वहिनी माझ्याकडे तक्रार करायची आणि हसायचीही. मला कळत होतं की हे नुसतं माझ्यासाठी नाही. दुसऱ्यांच्या कंपन्यांची झाकणं आणि बुचं ओतण्यात त्याचं वय चाललं होतं. स्वतःची म्हणावी अशी एक वस्तू त्याला करायची होती.

त्याच सुमारास आईने फोटो काढू दिला. आई समुद्राकडच्या आमच्या गावी एकटीच राहायची. वाडी सोडून ती आमच्या दोघांपैकी कुणाकडेही येईना. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायची. मोबाइलमध्ये तिचे फोटो होते, पण ते लग्नातले, दहा जणांच्या गर्दीत डोळे मिटलेले. त्या सकाळी ती पानवेली बांधत होती. मी कॅमेरा घेऊन नुसती उभी राहिले.

"माजा कशाला काडतेस, बाय? आदी त्या वेलीचा काड."

मी वेलीचा काढला. मग ती पाठमोरी चालत गेली, तोही काढला. नंतर कशी कोण जाणे, ती कॅमेरा विसरली. विहिरीच्या काठावर बसून ती लग्न होऊन या घरात आली तेव्हाचं सांगायला लागली. सासऱ्यांनी तिला पहिल्यांदा मळ्यात नेलं, पानं खुडायला शिकवलं. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. ती बोलत होती, हातवारे करत होती, मध्येच माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी रोल संपेपर्यंत फोटो काढत राहिले.

पुढच्या रविवारी भाऊ नवा डबा घेऊन पालघरला आला. डबा अगदी जुळ्यासारखा होता. आम्ही आधी पाणी भरून पाहिलं, एक थेंब गळला नाही. वाया गेलेली फिल्म रिळावर चढवून पाहिली. ती जुन्या रिळापेक्षा सरळ गेली.

"मग आईचा रोल यातच धुवायचा," तो म्हणाला. मलाही तेच हवं होतं. तिच्या मुलाने केलेल्या डब्यातून तिचे फोटो निघावेत, यापेक्षा चांगलं काय? आम्ही दोघं न्हाणीघराच्या दारात बसलो. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. औषध मी ओतलं, डबा त्याने हलवला.

रीळ बाहेर काढलं तेव्हा फिल्म जवळजवळ सगळी काळी होती. भावाला वाटलं अजून धुवायची आहे. मला कळलं होतं. रिळाच्या अगदी आतल्या वेढ्यांवर दोन चित्रं पुसट दिसत होती. एक वेल आणि एक आईची पाठ. बाकी सगळ्यावर उजेड पडला होता.

त्याने रिकामा डबा खिडकीकडे धरला आणि आत पाहिलं. मग माझ्या हातात दिला. काळा दिसणारा डबा आतून उन्हात गडद तपकिरी दिसत होता, कडक चहासारखा; ऊन त्यातून आत झिरपत होतं. झाकणं ओतून उरलेला माल वापरला होता आणि त्यात काळा रंग कमी पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मशीनवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "सेठ, काला तो दिखता है." त्याचंही चुकलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना तो काळाच दिसला होता.

आईला आम्ही खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे रे. फोटू नाय आला तर मी काय नाय झाली?" मी पुन्हा कॅमेरा काढला तेव्हा मात्र तिने पदर ओढून घेतला. "एकदा काडलास ना? झाला."

पावसाळा संपताना तिला ताप आला. मग न्यूमोनिया झाला. बोईसरच्या दवाखान्यात आम्ही आळीपाळीने बसलो. ती घरी परतली नाही. दिवसांच्या वेळी पाटावर ठेवायला फोटो लागला, तेव्हा एका लग्नातल्या फोटोतून आईला वेगळं कापून मोठं करून घ्यावं लागलं. भाऊ ते काम दुसऱ्याला सांगून बाहेर जाऊन उभा राहिला.

नंतर काही महिन्यांनी त्याने दुसरा डबा करून पाठवला. स्वतः आला नाही. मी तो उन्हात धरून पाहिला, टॉर्च आत घालून पाहिला. पूर्ण काळा. पहिला रोल स्वच्छ निघाला. आता मी तोच वापरते. खरं सांगायचं तर तो अस्सल डब्यापेक्षा सरस आहे. फिल्म अडकत नाही आणि झाकण घट्ट बसतं. मी हे त्याला फोनवर सांगितलं.

"चांगला हाय ना? वापर," तो म्हणाला. मग म्हणाला, "तेव्हा चांगला पाहिजे होता."

मी म्हटलं, माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांना असा डबा हवा आहे, तू करून विकत का नाहीस? तो म्हणाला, साचा वितळवून टाकला. त्या पोलादाचं दुसरं काहीतरी करून घेतलं. कशाचं, ते त्याने सांगितलं नाही. मग आम्ही वाडीबद्दल बोललो. पानवेली आता कुणी बांधायच्या, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.