दिवा पेटला, पुढची चाकं ढिम्म

काल इब्रामपूरला, आमच्याच शेतात, माझं डोकं असं फिरलं की अजून जागेवर आलेलं नाही. घरात बोलले तर भांडण होईल, म्हणून इथे लिहितेय…

सकाळी मशीनने भात कापून झालं आणि पोती पिकअपमध्ये चढवली. तोवर मोपाच्या बाजूने आभाळ काळं होत आलेलं. दसरा झाला तरी यंदा पाऊस जायचं नाव घेत नाही.

हे भात सासूबाईंचं. आजूबाजूची शेतं कधीच पडीक झाली, घरातही सगळे म्हणत होते की आता पुरे, तांदूळ विकत आणू. त्या हट्टाला पेटल्या. "ह्या वर्साक करतंय. नासला तर परत नाव काढूचंय नाय." म्हणजे ही पोती भिजली की आमच्या घरातली शेती संपली…

नवरा ड्युटीवर, त्यामुळे गाडी माझ्याकडे. शेतातून रस्त्यावर यायला चिखलाचा चढ आहे, आणि आमच्या ह्या जुन्या फोर-बाय-फोर पिकअपमध्ये नुसता फोर-व्हीलचा लिव्हर ओढून भागत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध, हबवर, एक चकती असते. ती खाली उतरून हाताने 'लॉक'वर फिरवली तरच पुढच्या चाकांना जोर मिळतो.

धाकट्या दिराला, उमेशला विचारलं, हब लॉक केलेस? म्हणाला, "होय गो वयनी, दोनय घट्ट आसत."

अर्ध्या चढावर गाडी रुतली. लिव्हर बरोबर, डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा पेटलेला, आणि गाडी जागची हलेना. लगेच उमेशचं सुरू झालं, "तुका जमाचा नाय, उतर. माका दी."

उतरले. त्याने इतकी रेस दिली की मागची चाकं पार एक्सलपर्यंत चिखलात गेली. पण बाहेर उभी असल्यामुळे मला एक दिसलं… पुढची चाकं एक इंचसुद्धा फिरत नव्हती.

हबपाशी जाऊन वाकले. चंदेरी रंग! दसऱ्याच्या पूजेला गाडी झकास दिसावी म्हणून ह्या माणसाने दोन्ही हबना ऑइलपेंट फासला होता, तोही दोन हात. चकत्या रंगात चिकटून बसलेल्या, आणि त्याही 'फ्री'वर.

"मग लॉक केलेस ते काय?"

"फिरना नाय म्हणजे लॉकच आसतले, असा वाटला माका…"

 मला गाडी चालवायला शिकवायला निघालेला हा माणूस! बांधाकडेचं भात कापायला आणलेला विळा त्याच्यावर फेकावासा वाटला, खरंच सांगते.

त्याच विळ्याच्या टोकाने रंग खरवडला. डिझेलचं फडकं घासलं, पक्कड लावली… बोटं सोलून निघाली तेव्हा कुठे एक चकती फिरली, मग दुसरी. उमेश चाकांपुढचा चिखल उपसून झावळ्या घालत होता. सासूबाई पोत्यांवरची ताडपत्री दोन्ही हातांनी धरून उभ्या. 

मग मी बसले स्टिअरिंगवर, कुणाला न विचारता. लो गिअर टाकला, सावकाश क्लच सोडला… पुढच्या चाकांनी चिखल धरला आणि गाडी चढून रस्त्याला लागली.

पोती पडवीत उतरवली आणि पाऊस कोसळला. उमेश शेजाऱ्याला सांगत होता, दसऱ्याची पूजा पावली म्हणून. मी उठलेच होते त्याचा समाचार घ्यायला.

तेवढ्यात सासूबाईंनी एक पोतं सोडलं. कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर भात वर काढलं, दाताखाली एक दाणा फोडून बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुको आसा गो. ह्या पोत्याक हात लावू नको, फुडच्या वर्साच्या बियाक ठेवया."

मी परत खाली बसले. उमेशला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं…