होऊ घातलेल्या सासऱ्यांसमोर लागलेली लाइन

चहा खाली ठेवा आधी, ठसका लागला तर नाव माझं होईल. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातले, पण एका जागी बसून अख्ख्या कंपनीला मुकं करायचं, आणि तेही होऊ घातलेल्या सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत? हा मान आपलाच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातली आमची गुदामांची कंपनी. मालाची सगळी नोंद दोन कॉम्प्युटरांत साठवलेली, एक प्रत सीताबर्डीत, एक हुडकेश्वरच्या गुदामात. धरमपेठच्या ऑफिसात आमच्याकडे फक्त एक स्क्रीन आणि कीबोर्ड. टेलिफोनच्या तारेवरून तो सीताबर्डीला जोडायचा. दोन्ही टोकांच्या सेटिंग जुळल्या की लाइन लागायची, नाहीतर स्क्रीन ढिम्म. आणि ती जोडणारा धरमपेठेत एकमेव तज्ज्ञ कोण? अस्मादिक! कॉलर तेव्हा कायम ताठ असायची माझी.

एके दिवशी बाबा कुहीच्या पाहुण्यांना घेऊन थेट ऑफिसात आले. पाहुणे म्हणजे मुलीचे वडील. धानाची शेती, बोलणं मोजकं. मुलगी मला मनापासून आवडली होती. अडलं होतं एवढंच, की मुलगा करतो काय हे त्यांना उमगत नव्हतं. मास्तर म्हटलं की कळतं, कारकून म्हटलं की कळतं. लाइन जोडणाऱ्याला मुलगी द्यायची कशी? म्हणून बाबा म्हणाले होते, "डोयानं पाहून घ्या."

आणि नेमकी त्या दिवशी सकाळपासून लाइन लागत नव्हती.

पाहुण्यांना खुर्ची दिली आणि बाह्या सरसावल्या. लाइनचा वेग बदलला, परत होता तसा केला, दिसेल ती कळ दाबली. आणि काय आश्चर्य, टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर उमटायला लागली.

"लागली," मी अगदी सहज म्हणालो.

बाबा पाहुण्यांकडे वळले. "पाह्यलं? सकायपासून बंद होती. पोरानं हात लावला अन् सुरू."

"हे आता सीताबर्डीले गेलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"गेलं ना. तिथून हुडकेश्वरलाही. एकीकडचं बिघडलं तरी दुसरीकडे राहतं."

आमच्या मंदाताई लगेच तांदळाच्या पोत्यांची नोंद टाइप करायला बसल्या. तेवढ्यात सीताबर्डीचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वानखेडेचा फोन.

"काहून गा, इकडे तं काहीच येऊन नाही राहिलं."

"माझ्याकडून व्यवस्थित चाललंय. तुझीच सेटिंग चुकली असेल, बदल." पाहुणे ऐकत होते, म्हणून आवाज जरा चढाच लावला.

त्यानं बिचाऱ्यानं बदलली. लगेच हुडकेश्वरचा फोन. त्यांचं सीताबर्डीशी आतापर्यंत झकास चालू होतं, ते बंद पडलं. त्यांनाही मी सेटिंग बदलायला लावली. मग पुन्हा वानखेडे, पुन्हा हुडकेश्वर. फोन काही कानावरून उतरेना.

"पाहून राहिले ना भाऊ?" बाबा पाहुण्यांना म्हणाले. "अख्खं नागपूर याले विचारल्याबिगर हालत नाही."

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं.

मग मंदाताई म्हणाल्या, "पाह्य ना गा, मी याले यादी मागून राहिली, अन् हे माह्यंच लिहिलेलं मले दाखवते."

मी स्वतः बसलो. यादी मागितली. स्क्रीनवर माझीच मागणी. पुन्हा मागितली. पुन्हा तीच, खाली दुसऱ्या ओळीत. आणि तेव्हा कीबोर्डच्या कोपऱ्यातला लाल दिवा दिसला. त्या दिव्याचा अर्थ, कीबोर्ड फक्त स्वतःच्या स्क्रीनशी बोलतोय, तारेशी त्याचा काही संबंध नाही. मघाशी दाबलेल्या कळांपैकी एक नेमकी तीच होती. मंदाताईंची पोती धरमपेठेतून तसूभरही हलली नव्हती.

कळ गुपचूप सरळ केली, पण तोवर तिन्ही ठिकाणच्या सेटिंगचा पार चिवडा झालेला. संध्याकाळपर्यंत मी फोनवर एकेक निस्तरत होतो, आणि पाहुणे? ते जागचे उठायला तयार नाहीत.

शेवटी लाइन खरोखर लागली, आणि आमचे साहेब आले. त्यांना दोन्हीकडून सगळं कळलेलं.

"साहेब, कसं आहे आमच्या पोराचं काम?" बाबांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "काका, एका खुर्चीत बसून तीन ऑफिसं बंद पाडणारा माणूस नागपुरात दुसरा सापडायचा नाही."

बाबांची छाती फुगली. पाहुणे मात्र सावकाश उठले. म्हटलं, गेलं आपलं लग्न.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "बिघडवलं, पण दुरुस्त केल्याबिगर पोरगं उठलं नाही. फक्त एक अट आहे. आमच्या विहिरीवरच्या मोटरले यानं कधी हात लावाचा नाही."

घरी जाताना बाबांचा ऊर भरून आला होता.

"पाह्य बाबू," ते म्हणाले, "लग्नाच्या आधीच इतका मान! जावयाले कामाले हातच लावू देणार नाही म्हणते."