पूल रिकामा करा

"पूल रिकामा करा," मॅनेजर मॅडम म्हणाल्या. "सगळं पाणी काढा."

मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते. अंगावर हॉटेलचा युनिफॉर्म, हात कडेच्या दांडीला. काठावर पाहुण्यांचं एक कुटुंब टॉवेल घेऊन थांबलेलं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "हे लोक पण ह्याच पाण्यात उतरतात?"

"सॉरी मॅम. पाणी बदलून देते."

मग माझ्याकडं बघून मॅडम म्हणाल्या, "बाहेर ये. रिकामा झाला की घासायचा. तूच."

ओल्या कपड्यात उभी राहिले. पाणी घरघरत खाली गेलं. खंडाळ्याचं वारं अंगात शिरत होतं. मग ब्रश घेऊन आत उतरले आणि फरश्या घासल्या. खांद्यातली कळ पार बोटापर्यंत गेली. रडले नाही. घाबरले होते. नोकरी जाईल म्हणून घाबरले, मॅडमना घाबरले. सगळ्यात जास्त माझ्याच अंगाला घाबरले.

या अंगाचं सांगते. मी कान्हे गावची. त्या हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायचे. गाद्या उचला, चादरी बदला, बाथरूम घासा. कधीतरी अंग दुखायला लागलं ते थांबलंच नाही. मान, पाठ, मांड्या, तळवे. झोपून उठलं तरी कुणी तुडवून काढल्यासारखं. लेकीनं गळ्यात हात टाकला तरी ओरडायचे, आणि ती दचकून लांब व्हायची. रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हटलं की घरचे माझ्या तोंडाकडं बघायचे. मला वाटायचं, आत काहीतरी तुटत चाललंय आणि मशीनला दिसत नाही. एक दिवस अंथरुणातून उठताच येणार नाही. म्हणून मी हलायलाच भ्यायचे.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया, तपासणीत न दिसणारं अंगभर राहणारं दुखणं. तिथंच व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडं पाठवलं. ताईंनी पाठीवर हात ठेवला. "इथं दुखतं?" मला रडूच आलं.

"तुमचं दुखणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण हलल्यानं आत काही तुटत नाही. अगदी थोडं सुरू करा. त्रास वाढला तर कमी करा, बंद करू नका."

शेकायचं कसं, अंगाला हळू ताण देऊन सोडायचं कसं, ते त्यांनी दाखवलं. चालायला सांगितलं. आणि म्हणाल्या, "कोमट पाण्यात उभं राहून हातपाय हलवता आले तर बऱ्याच जणांना आराम पडतो. पाणी अंगाचा भार घेतं."

कोमट पाणी मी रोज बघत होते. पाहुण्यांसाठी तापवलेलं. शेजारी मालिशची खोली. अंग मोकळं करायला लोक मुंबईहून यायचे, त्यांचे ओले टॉवेल मी गोळा करायचे.

त्या दुपारी पुलावर कुणी नव्हतं. खुर्च्या पुसताना माझी बोटं मिटेनात. उतरले. चोरासारखी. गुडघा वर घेतला, सोडला. हात पाण्यावर पसरले. आणि अंग हलकं झालं. या अल्ला, किती दिवसांनी! डोळे मिटले होते, म्हणून मॅडम आलेल्या कळल्याच नाहीत.

पूल घासून झाल्यावर मी मॅडमना दुखण्याचं आणि ताईंनी सांगितलेल्या पाण्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना एका खोलीत बोलावलं. मोठ्या पलंगावरची जाड गादी दाखवली.

"हिचं अंग दुखतं म्हणे. पूलमध्ये उतरता येतं, काम करता येत नाही. उचल. एकटीनं. बघू दे सगळ्यांना."

माझ्याबरोबर खोल्या आवरणाऱ्या सुमनमावशी खाली बघत होत्या. मी वाकले. गादीच्या कडेखाली बोटं घातली. उचलली तर मी खोटारडी. नाही उचलली तर कामचुकार. कसंही केलं तरी मीच वाईट. ते डोक्यात आलं आणि मी बोटं काढून घेतली.

"न्हाई उचलणार."

"काय म्हणालीस?"

"मला दुखतंय. ते दाखवायला मी हितं आले न्हाई. कामाला आलेय. ही गादी दोघींनी उचलायची असती."

आवाज चिरकला. मावशींनी मान वर केली नाही.

"मग उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

घरी नवरा म्हणाला, "माफी माग. लेकीच्या शाळेचं बघ."

"कशाची माफी मागू?"

तोही घाबरलाय.

आता सकाळी गरम फडक्यानं मान शेकते. ताण देते, सोडते. मग स्टेशनच्या रस्त्यानं चालते, जमेल तेवढं. काही दिवस बरे जातात. काही दिवस हातात चमचा धरवत नाही. दुखणं पुरतं जाईल असं ताईंनी कधी सांगितलं नाही.

हॉटेलच्या मालकांचा निरोप आलाय. मॅडमची माफी मागितली तर परत घेतील. उद्या जाणार आहे.

माफी मागणार नाही. मॅडमच्या समोर मालकांना सांगणार, जड गादीला दोन बाया द्या, मधे घटकाभर बसू द्या. आणि दुखणाऱ्या माणसाची अशी चारचौघात परीक्षा घेणं बंद करा. नाही म्हणाले तर तिथून उठून कामगार कार्यालयात तक्रार द्यायला जाणार. सोबत कुणी येणार नाही, मला माहीत आहे. बोलता बोलता वाचा बसली, तर पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून सांगणार.