नववा बार

फौजी बोलता बोलता खाली वाकायचे, उजवा तळहात जमिनीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "थांबा. आजून येक हाय." लग्नात फटाक्यांची माळ संपली तरी हात उठायचा नाही, वाढपी बुंदीची बादली घेऊन समोर ताटकळत उभा.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात ते विहिरींचे बार उडवायचे. खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचं आणि आवाज मोजायचे. जितकी भोकं तितके आवाज झाले, तरच माणूस खाली उतरायचा. एकाहत्तरच्या लढाईत ते पलटणीबरोबर पेरलेले सुरुंग उकरून काढायचे. "तितं काढायचं, हितं पेरायचं. नोकरी तीच," म्हणायचे.

आमच्या विहिरीत नऊ बार भरले त्या दुपारी मोजणी माझ्याकडे होती. मी गणित घेऊन बीएस्सी झालेलो. शेतावर माझा दुसरा काही उपयोग नव्हता. मी मोठ्याने नऊ मोजले. माझा थोरला भाऊ लगेच विहिरीत माणसं सोडणाऱ्या यारीच्या पाळण्यात चढला.

"उतर," फौजी म्हणाले. तळहात जमिनीवर. "आठच झाले."

"यानं नऊ मोजले की! कानाला काय झालंय तुमच्या?"

"कानाचं काय घिऊन बसलास? नववा शेजारच्या विहिरीतला हुता. आवाज आला, जिमीन न्हाई हालली."

जेवणाच्या वेळेला सगळ्या शिवारात बार उडतात, हे माझ्या गणितात बसलंच नव्हतं. पण मी मान्य कुठला करतोय! "नऊच," मी म्हणालो. दादा यारीच्या इंजिनाकडे धावला. त्याच्या आधी फौजींनी इंजिनाचं हँडल काढलं आणि त्यावर मांडी ठोकून बसले. दादाने शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. दिवस मावळला तरी फौजी हलले नाहीत.

सकाळी बादलीभर पाणी घेऊन ते दोराच्या शिडीने एकटेच उतरले. आम्हाला बांधापलीकडे पालथं निजवलं होतं. आतून बराच वेळ काही ऐकू येईना. दादाने माझं मनगट इतकं आवळलं होतं, की माझी बोटं बधिर झाली. मग विहिरीतून आवाज आला, "हाय रं, हाय!"

वर येऊन त्यांनी न जळलेल्या वातीचा ओला तुकडा दादाच्या हातावर ठेवला. दादाने तो मुठीत मिटला.

आता माझी पाळी, म्हणून मी मान खाली घातली. ते माझ्याजवळ टेकले.

"बारा सुरुंग हुते. म्या अकरा काढले आन् सायेबाला सांगितलं, झाले बारा. माजा जोडीदार म्होरं चालला..."

त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला.

फौजी जाऊन आता चार वर्षं झाली. परवा विहीर आणखी खोल केली. हल्ली एका बटणात सगळे बार उडतात, मोजत कुणी नाही. दादा साठीचा झालाय. धुरळा बसला तरी तो जागचा हलला नाही. मी वाकून तळहात टेकवला होता, तो उचलायची वाट बघत राहिला.

माझ्या तळहाताला काही म्हणता काही कळत नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.